डावं-उजवं शिकवताना

कुणाच्याही गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसले, की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागतो. ब्रेक तिथे नसतो, पण पाय ऐकत नाही. लेकाच्या गाडीतून जाताना तो एकदा वैतागून म्हणाला, "आई, तू मागे बस बरं. तुझा पाय बघितला की मला वाटतं मी नापास होणार." त्याचं खरं आहे. आयुष्यातला मोठा काळ मी त्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. शहाद्याला आमचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल. सुरुवातीला यजमान शिकवायचे. बायका शिकायला येऊ लागल्या तशी मी शिकवू लागले, आणि मग पुरुषही माझ्याकडेच येऊ लागले, कारण यजमान ओरडायचे आणि मी टोमणे मारायचे. ओरडण्यापेक्षा टोमणा बरा, असं लोकांचं मत पडलं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक असतो, स्टेअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात. म्हणजे मी गाडी थांबवू शकते, पण वळवू शकत नाही. हात लांबवून स्टेअरिंग ओढता येतं, पण तसं रोज केलं तर शिकणारा काही शिकत नाही आणि आपला खांदा दुखतो तो वेगळाच. तेव्हा वळवायचं काम तोंडाने करायचं. आणि समोरच्याच्या डोक्यात आपलं बोलणं कोणत्या दाराने शिरतं, ते माणसागणिक वेगळं असतं. समोरचं दार बंद दिसलं की मागच्या दारी जायचं, तेही बंद असलं तर खिडकी बघायची.

"किती दिवसांत येईल?" हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. मी सांगायचे, "तुम्ही कसे शिकता ते मला कळायला जितके दिवस लागतील, तितके." लोकांना वाटायचं बाई टोलवतेय.

आमच्याकडे सोनवणे गुरुजी आले होते. निवृत्त मुख्याध्यापक, धोतर सोडून पँट नव्यानेच घालू लागलेले. पहिल्या दिवशी सीटवर बसले, पट्टा लावला आणि दोन्ही पाय उचलून मागे घेतले.

"मॅडम, आधी हा क्लच म्हणजे काय ते सांगा. मग मी पाय ठेवतो."

"गुरुजी, तुम्ही दाबून तर बघा. पायाला कळेल."

"पायाला कळून काय करायचं? मला कळायला हवं."

मी मनात म्हटलं, आता हे रस्त्यावर तास घेणार. पण दाबून बघण्याचे सगळे प्रयत्न झाले, गाडी बेडकासारखी उड्या मारून बंद पडली, गुरुजींना घाम फुटला. शेवटी मी घरातून जेवायची दोन ताटं आणली. एक ताट म्हणजे इंजिन, ते सतत फिरतंय. दुसरं म्हणजे चाकं, ती थांबलेली. दोन्ही एकदम आदळली तर झटका बसणार. म्हणून फिरणारं ताट थांबलेल्या ताटाला आधी नुसतं टेकवायचं, घासू द्यायचं, आणि त्याला फिरायची सवय झाली की मग चिकटवायचं. पाय हळू सोडायचा तो यासाठी. गुरुजींनी ताटं हातात घेतली, स्वतः एकावर एक घासून बघितली, बराच वेळ बघितली. मग गाडीत बसले आणि झटका न देता निघाले. त्यांची गाडी त्यानंतर कधी बंद पडलेली मला आठवत नाही. घरी मात्र ती ताटं मला पुढे जेवायला वापरता आली नाहीत, कारण दर महिन्याला असा एखादा गुरुजी येतोच.

दुसरा दिलवर पावरा. धडगावकडचा, दोन पोरांचा बाप, जुनी पिकअप घ्यायचं ठरवलेला. बोलणं कमी. माझी सवय अशी, की प्रत्येक गोष्ट सांगून झाली की विचारायचं, "समजलं का?" बाकीचे समजो न समजो, मान हलवतात. दिलवर मान हलवायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. त्याची पाळी आली की म्हणायचा, "अजून बघतो." मागच्या सीटवर बसून दुसऱ्यांचं बघत राहायचा. मला वाटलं घाबरतोय. मी धीर दिला, टोमणे मारून बघितले, यजमान म्हणाले याला सोडून दे. आणि एका सकाळी तो पुढे येऊन म्हणाला, "आता बसतो मी." बसला, आणि बाजाराच्या गर्दीतून, भाजीच्या गाड्या चुकवत, गाडी अशी काढली की मी ब्रेकवरचा पाय काढून मांडी घालायची तेवढी बाकी होती.

मी म्हटलं, "दिलवर, एवढं येत होतं तर इतके दिवस का बसलास?"

तो म्हणाला, "आमच्याकडे समजलं का असं कोणी विचारत नाही, मॅडम. बापाबरोबर जायचं, बघायचं. हात लावायचा तो बरोबर लावता येईल तेव्हा. आधी लावला तर हसतात."

फक्त एक गडबड होती. गाडी मागे घ्यायला सांगितली तर हा ढिम्म. रिव्हर्स काही केल्या जमेना. मी विचारात पडले. मग लक्षात आलं, तो मागे बसला होता तेव्हा पुढे बसलेले सगळे नवशिके होते. रिव्हर्सपर्यंत कोणी पोहोचलंच नव्हतं, त्यामुळे त्याने रिव्हर्स पाहिलाच नव्हता. मी त्याला शेजारी बसवून सबंध मैदानभर गाडी उलटी फिरवली, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी त्याला रिव्हर्स आला. त्या दिवसापासून "समजलं का" हे विचारणं मी सोडलं. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. जिभेला ब्रेक नसतो.

या दोघांमुळे मला वाटू लागलं होतं, की आपल्याला आता सगळे प्रकार कळले. काही ऐकून शिकतात, काही बघून, काही करून आणि काही भांडून. अशा वेळी कोकिळाबेन आल्या.

कोकिळाबेन तापीकाठच्या एका गावच्या, गुजर घरातल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, हसऱ्या. केळीचा बाग, कापूस, मळ्यात घर. मुलगा नोकरीला पुण्यात. गाडी दाराशी होती आणि ती चालवायचे त्यांचे यजमान रमणभाई. रमणभाईंना काचबिंदू झाला. या दुखण्यात माणसाला समोरचं दिसतं, पण बाजूचं हळूहळू दिसेनासं होतं, नळीतून बघितल्यासारखं. धुळ्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. रमणभाई ऐकेनात.

"ताई, माले गाडी शिकाडा," कोकिळाबेन पहिल्याच दिवशी अहिराणीत म्हणाल्या. "मन्हा घरधनीले थांबाडानं शे."

रमणभाई त्यांना सोडायला आले होते, स्वतःच गाडी चालवत. खिडकीतूनच म्हणाले, "समोरलं समदं दिखस माले. बाजूलं देखीसन काय करानं?"

मी म्हटलं, "भाऊ, बाजूलं दिखनं नही तर बाजूवालेच तुमले देखी लेतीन."

ते हसले. पण त्यांनी परत जाताना वळण घेतलं तेव्हा डावीकडून येणारी सायकल त्यांना दिसली नाही, सायकलवाल्यालाच गाडी दिसली म्हणून तो वाचला. तेव्हा मला कळलं की या बाईंना लायसन मिळणं ही हौसेची गोष्ट नाही. महिन्या-दोन महिन्यांनी धुळ्याला दवाखाना, रोज मळा, बाजार, आणि मळ्यापर्यंत बस येत नाही. बाई पास झाल्या नाहीत तर हा माणूस चालवतच राहणार, आणि एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालणार.

कोकिळाबेन भराभर शिकल्या. क्लच, गिअर, आठचा आकडा, सगळं. एकच अडचण. डावीकडे म्हटलं की उजवीकडे. उजवीकडे म्हटलं की क्षणभर थांबून, विचार करून, डावीकडे. मी आधी हसले, मग चिडले, मग उपाय सुरू केले. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजव्या हातात लाल. पण वळणावर बांगडी बघायला मान खाली जायची आणि गाडी खड्ड्यात. जेवायचा हात उजवा, असं सांगितलं, तर म्हणाल्या, "ताई, भाकर दोन्ही हातथून थापस मी."

एकदा म्हसावदच्या रस्त्याला लागायचं होतं. फाटा आला आणि मी घाईत बोलून गेले, "डोंगराकडे घ्या." कोकिळाबेननी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी सातपुड्याकडे अशी सफाईने वळवली की मी बघतच राहिले. पुढच्या फाट्यावर म्हटलं, "तापीकडे." वळल्या. उगवतीकडे, मावळतीकडे, सगळीकडे बरोबर. मग मी गाडी थांबवायला लावली आणि डोळे मिटून तापी कुठे ते दाखवा म्हटलं. त्यांनी बोट केलं ते थेट नदीवर. त्यांच्या घरात मिठाचा डबासुद्धा "उगवतीकडल्या फळीवर" असतो. आमच्या भागात उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी, मधे सपाट काळी जमीन. ज्याचा जन्म शेतात गेला त्याला पोटातच दिशा कळतात.

"मग डावं-उजवं का नाही कळत?" मी विचारलं.

"ताई, तोंड फिरायं की डावीकडली चीज उजवीकडे जास. डोंगर जठे शे तठेच ऱ्हास. मंग मी कसावर भरोसा ठेवू?"

खरं तर रस्त्याला त्याने काही फरक पडत नव्हता. गाडी कधी विचारत नाही डावी कोणती. पण परीक्षा घेणारे साहेब विचारतात.

शहाद्याला आरटीओचं लायसनचं शिबिर लागलं, त्या दिवशी नेमके साहेब नवे होते, कोकणातले. मैदानावर आठचा आकडा कोकिळाबेननी छान काढला. मग साहेब त्यांना रस्त्यावर घेऊन गेले. मी मागे बसले होते, तोंडाला कुलूप लावून. साहेब म्हणाले, "पुढे डावीकडे घ्या." गाडी उजवीकडे. साहेब म्हणाले, "बाई, मी डावीकडे म्हणालो." कोकिळाबेन गोंधळल्या, पुढच्या वळणाला परत उलट. एक रिक्षा थोडक्यात वाचली. साहेबांनी नापास केलं आणि परत यायला सांगितलं. त्यांची चूक नव्हती. त्यांना सातपुडा कुठे आहे हे कुणी सांगितलं असतं तरी काय उपयोग होता?

रमणभाई मैदानाबाहेर उभे होते. "मी पास, तू नापास," ते म्हणाले. "मंग गाडी कोन चालाडी?" आणि स्वतः स्टेअरिंगवर बसले.

दोन दिवसांनी त्यांनी गाडी मळ्याच्या रस्त्यावर घातली. शिवाररस्त्यावरून बाजूने एक मोटारसायकल येत होती. ती रमणभाईंना दिसली तेव्हा पार समोर आली होती. त्यांनी गाडी शेजारच्या केळीत घातली. मोटारसायकलवर गावातलाच एक तरुण आणि त्याची बायको, बायकोच्या मांडीवर तान्हं मूल. तिघं पडली, पण मऊ जमिनीवर, कुणालाही लागलं नाही. शेजाऱ्याच्या केळीची एक ओळ मात्र झोपली. हे कोकिळाबेननी मला फोनवर सांगितलं. मी यजमानांना म्हटलं, आज बाकीचे वर्ग तुम्ही घ्या, आणि उठून त्यांच्या गावी गेले.

रमणभाई ओट्यावर बसले होते. पहिल्यांदाच ते माझ्याशी चेष्टेने बोलले नाहीत. "ते लेकरू माले दिखनंच नही, ताई," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "ती पास व्हई तर मी सोडी देसु. तोपर्यंत वावर कोन देखी? दवाखानामा कोन लई जाई?" ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं.

कोकिळाबेन घरात नव्हत्या. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि दुपारच्या वेळी गावच्या बायका देवळासमोर गरब्याचा सराव करत होत्या. गुजरांच्या गावात गरबा सरावाशिवाय होत नाही, आणि तो शिकवायचा मान कोकिळाबेनचा. मी जाऊन पायरीवर बसले. मधे पाटावर माताजीची तसबीर, भोवती बायकांचं रिंगण. कोकिळाबेनचा चेहरा रडून सुजलेला, पण पाय चुकत नव्हते. एक नवी सून उलटी वळली, तशी त्यांनी खेळता खेळताच तिला खांद्याला धरून सरळ केलं, ताल न तोडता.

मी बसून बघत होते. दिलवरची शिकवण. आणि बघता बघता माझ्या ध्यानात आलं. रिंगण फिरत होतं. कोकिळाबेनचं तोंड कधी डोंगराकडे, कधी नदीकडे, कधी उगवतीला. पण माताजी सारखी त्यांच्या एकाच हाताला.

मी उठून रिंगणाच्या बाजूने त्यांच्याबरोबर चालू लागले. बायका हसायला लागल्या, कारण गरबा मला येत नाही.

"कोकिळाबेन, थांबू नका. खेळता खेळता सांगा, माताजी कोणीकडे?"

त्यांनी हात केला. डावा.

"हीच डावी. आता चालत राहा. आता कोणीकडे?"

परत तोच हात. अर्धं रिंगण झालं, डोंगर समोर होता तो पाठीला गेला. त्यांनी हात तसाच ठेवला होता. आणि चालता चालताच त्या हळू झाल्या. मागच्या बायका त्यांच्या अंगावर आल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "डोंगर तर इकडे-तिकडे जास. माताजी मन्ह्या ह्याच हातले शे."

"मग डावीकडे म्हटलं की?"

"माताजीकडे."

"आणि उजवीकडे?"

"बाहेर."

तिथेच, देवळासमोर, सगळ्या बायकांनी ते धरलं. मी मोठ्याने "डावीकडे" म्हणायचे आणि सगळं रिंगण माताजीकडे झुकायचं. कोणी पुरुष बघत असता तर म्हणाला असता, ड्रायव्हिंगवालीने गरब्याचं वाटोळं केलं.

मला हे आजही नवल वाटतं, की लहानपणापासून ज्या गोष्टीवर शरीर फिरत आलं ती गोष्ट डोक्याला माहीत नव्हती. शाळेत कुणी डावा-उजवा शिकवला असेल तो फळ्यावर, बसलेल्या मुलांना. या बाईला तो फिरताना हवा होता. मला हेही वाटतं, की सुरुवातीच्या वर्षांत जे चार दिवस येऊन परत आलेच नाहीत, त्यांचंही कुठेतरी असं दार असणार. ते मला सापडलं नाही, आणि त्यांनी मात्र घरी जाऊन सांगितलं असेल की आपल्याला अक्कलच नाही. हे आठवलं की वाईट वाटतं.

पुढचे दिवस आम्ही रोज बाहेर पडलो. मी म्हणायचे, "डावीकडे." त्या पुटपुटायच्या, "माताजी," आणि वळायच्या. सुरुवातीला मोठ्याने, मग ओठात. मी मुद्दाम वेड्यावाकड्या गल्ल्यांत घातलं, जिथे डोंगरही दिसत नाही आणि नदीही कळत नाही. चुकेनात.

शिबिराच्या दिवशी परत तेच साहेब. त्यांनी ओळखलं. "बाई, आता कळतं का डावं?" कोकिळाबेन म्हणाल्या, "कळस, साहेब." मी मागच्या सीटवर. रमणभाई मैदानाच्या कडेला, डोळ्यांवर आडवा हात धरून, गाडीकडे सरळ तोंड करून उभे.

"डावीकडे घ्या."

"माताजी," हळूच, आणि गाडी डावीकडे.

"उजवीकडे."

"बाहेर." उजवीकडे.

साहेबांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी मग घाईघाईने, एकामागून एक, डावी-उजवी-डावी सांगून बघितलं. बाई सगळीकडे वळल्या. मैदानावर परत आल्यावर साहेब उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे माताजी काय प्रकरण आहे?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टॅबवर पास केलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "कुणाला सांगू नका. डावं म्हणण्याआधी मी अजून घड्याळाचा हात बघतो." त्यांचं नाव घेत नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या दिवशी रमणभाई गाडीत बसले ते दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरून. मैदानाच्या फाटकापर्यंतच त्यांनी तीन सूचना केल्या, आणि कोकिळाबेननी एकही ऐकली नाही.

पुढे दिवाळी झाली, कापूस निघाला. एक दिवस मी एका शिकाऊ मुलीला दोंडाईच्याच्या रस्त्यावर घेऊन गेले होते. जिनिंग मिलसमोर कापसाने भरलेले ट्रॅक्टर आडवे लागले होते आणि दोन्हीकडची वाहनं खोळंबली होती. शेजारच्या रांगेत बघते तर कोकिळाबेन. मी मुलीला म्हटलं, वाजव हॉर्न, माझ्याकडे शिकलेल्या बाई आहेत. तिने हात उचलला. तेवढ्यात कोकिळाबेननी आमच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. त्यांच्या शेजारी रमणभाई, डोकं मागे टेकलेलं, तोंड उघडं, टोपी मांडीवर घसरलेली, गाढ झोपलेले.

कोकिळाबेननी काच खाली केली. "धुळाथून निंघनूत तैनपासून झोपेल शेतस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "डोयानं दुखनं सुरू व्हयनं तैनपासून इतली झोप लागनीच नही त्यासले."

मी नुसती मान हलवली. रस्ता मोकळा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कोकिळाबेननी घाई केली नाही. क्लच सावकाश सोडला, आणि गाडी इतकी अलगद निघाली, की रमणभाईंची मान हललीसुद्धा नाही.